खुणेखालचा ठिपका

गल्लीत तिला सगळे घड्याळवहिनी म्हणायचे. का, तर घड्याळवाल्यांची सून म्हणून. घड्याळं तीच दुरुस्त करते हे त्यातल्या एकाही शहाण्याला माहीत नव्हतं. लोकांना वाटायचं, वहिनी दुकानात बसते म्हणजे काचा पुसते, चिठ्ठ्या लिहिते, सासऱ्यांना चहा आणून देते. बाईमाणसानं घड्याळाच्या दुकानात आणखी काय करायचं असतं! नऊ वर्षं लोक तिच्या हातानं चालू झालेली घड्याळं मनगटावर बांधत आणि सासऱ्यांना म्हणत, "घड्याळवाले, हात आहे की जादू!" सासरे, म्हणजे मामंजी, भिंग कपाळावर सरकवून मान डोलवायचे. ती पडद्यामागे बसून ऐकायची.

दुकान कसलं, लांबट बोळ होता तो. पुढे काचेचं काउंटर, त्यामागे मामंजींची खुर्ची, भिंतीवर दुरुस्तीला आलेली सात-आठ घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी आणि प्रत्येकाला आपलीच खरी वाटणारी. मग निळा पडदा. पडद्यामागे खिडकी आणि खिडकीला लागून कामाचं टेबल. टेबलाच्या कडेला पातळ लाकडी पट्टी मारलेली, स्क्रू घरंगळू नये म्हणून. मांडीवर पांढरं फडकं, त्याचं एक टोक टेबलाला अडकवलेलं, कारण पट्टी चुकवून स्क्रू पडलाच तर मांडीत पडावा, जमिनीवर नको. जमिनीवर पडलेला स्क्रू शोधला की सापडतो तो भलत्याच घड्याळाचा, असं मामंजी म्हणायचे, आणि ते अगदी खरं होतं.

नऊ वर्षांपूर्वी मामंजींचा उजवा हात थरथरायला लागला. सुरुवातीला नुसता कप बशीवर वाजायचा. त्यांचा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, म्हणाला, "बाबा, डॉक्टरला दाखवू." मामंजी म्हणाले, "कपाला दाखव." नवरा व्हॅन चालवायचा, सकाळी जायचा तो संध्याकाळी यायचा, आणि घड्याळांशी त्याचं लहानपणापासून वाकडं. ती किड्यांसारखी चाकं बघितली की मला मळमळतं, असं तो सरळ सांगायचा. त्यामुळे दुकानात काय चाललंय ते त्याला कळलंच नाही. कळलं ते तिला.

ती चहाचा कप न्यायला आत गेली होती. मामंजी एक केसासारखी स्प्रिंग चिमट्यानं उचलत होते. एकदा सुटली, दोनदा सुटली, चौथ्या वेळी सुटली तेव्हा स्प्रिंगचा गुंता झाला होता. मग त्यांनी चिमटा खाली ठेवला आणि नुसते बघत बसले. त्या माणसाला असं रिकामं बसलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिला भडभडून आलं. ती शेजारच्या स्टुलावर बसली, चिमटा उचलला आणि म्हणाली, "मी बघू?" माहेरी शिवणकाम होतं, गुंतलेला दोरा न तोडता सोडवायचा हे तिला बोलायच्या आधीपासून येत होतं म्हणा ना. अर्धा तास मामंजी तिच्या बोटांकडे बघत होते. मग म्हणाले, "श्वास सोडताना उचल. घेताना नाही." तो पहिला धडा. दुसऱ्या दिवसापासून मामंजी काउंटरवर आणि ती पडद्यामागे, असं सुरू झालं ते झालंच.

आता मामंजी म्हणजे काय प्रकरण होतं ते सांगायला हवं. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. सेलवर चालणारं घड्याळ कुणी आणलं तर म्हणायचे, "हे घड्याळ नव्हे, टॉर्च आहे, विजेवाल्याकडे न्या." शिकवायचे मात्र जीव ओतून, आणि शिकवताना शिव्या दिल्यासारखं बोलायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक जुनं घड्याळ तिच्यापुढे ठेवलं.

"सूनबाई, घड्याळातले सगळे स्क्रू डावीकडे फिरवले की सुटतात. एक सोडून. हा बघ, चावीच्या चाकावरचा. याचे आटे उलटे. हा उजवीकडे सुटतो. चावी देताना चाक अशा बाजूला फिरतं की साधा स्क्रू असता तर रोज थोडा थोडा सैल झाला असता, म्हणून तो उलटा. नंतरच्या घड्याळांत कारखानेवाले याच्या डोक्यावर तीन रेघा मारायला लागले. म्हणजे काय, तर बाबा रे, जपून. जुन्यांत रेघा नाहीत. तिथं आपलं डोकं वापरायचं. जोर लावून डावीकडे फिरवलंस तर स्क्रूचं डोकं तुटून हातात येईल आणि दांडा आत राहील. मग बस रडत."

मग भिंग काढून तिच्याकडे बघत म्हणाले, "प्रत्येक घड्याळात एक उलट्या आट्याचा स्क्रू असतो आणि प्रत्येक घरात एक उलट्या आट्याचं माणूस."

"आपल्या घरातलं कोण, मामंजी?"

"ते ज्याचं त्यानं ओळखावं."

नवऱ्यानं हे ऐकलं आणि पुढे सहा महिने तो तिला 'ए उलटा आटा' म्हणून हाक मारत होता. एकदा तिनं लाटणं दाखवलं तेव्हा थांबला.

पण मामंजींची खरी शिकवण होती ती खुणेची. घड्याळ दुरुस्त झालं की मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं बारीक खूण ओरखडायची आणि खाली महिना-वर्ष. हे काही त्यांनी काढलेलं नव्हतं, त्या धंद्यात सगळेच करतात. गिऱ्हाईक झाकण कशाला उघडतंय! पुढे कधी दुसऱ्या कारागिरानं उघडलं तर त्याला कळावं, आधी कुणी हात घातलाय आणि कधी. मामंजींची खूण म्हणजे छोटा त्रिकोण. ठिपका मात्र त्यांच्या घराण्याचा. तो त्यांच्या वडिलांनी, अण्णांनी, घालून दिलेला नियम होता. आपल्या हातून घड्याळाला इजा झाली, काही मोडलं, काही तात्पुरतं चिकटवलं, तर खुणेखाली एक ठिपका द्यायचा. म्हणजे पुढच्याला समजावं की इथं जपून, इथं माझी चूक आहे.

"पण ठिपका दिसतो कुणाला?" तिनं विचारलं होतं.

"गिऱ्हाइकाला दिसत नाही. म्हणून तर द्यायचा."

हे वाक्य तिच्या मनात जाऊन बसलं. आणि त्याला जोडून मामंजी नेहमी आणखी एक वाक्य म्हणायचे, काउंटरवर कुणीही असो, ऐकणाऱ्याला ठिपका म्हणजे काय ते कळो न कळो: "पन्नास वर्षं झाली. माझ्या खुणेखाली एक ठिपका नाही."

तिचं दुखणं इथंच होतं. काम तिचं, पण झाकणात ती ओरखडायची मामंजींचा त्रिकोण. तिसऱ्या वर्षी तिनं धीर करून विचारलं, "मामंजी, मी माझी खूण करू?" ते म्हणाले, "खूण मागून मिळत नाही, सूनबाई. खूण म्हणजे काय मिरवायचा दागिना आहे? उद्या घड्याळ बंद पडलं तर शिव्या कुणाला द्यायच्या ते कळायला खूण असते. सध्या मला देऊ देत." झालं. विषय संपला. त्यांच्यापुरता संपला, तिच्या मनातून कुठला जायला! मोडीतल्या झाकणांवर ती गुपचूप खुणा करून बघायची. कधी पान, कधी आकडा, कधी सुईदोरा. एकही पसंत पडायची नाही. आणि काम करताना एकच धास्ती. आपल्या हातून काही मोडलं तर ठिपका पडणार त्रिकोणाखाली, म्हणजे त्यांच्या पन्नास वर्षांवर. तिला दुसरं काही नको होतं. साडी नको, सोनं नको, दुकानावर पाटी नको. एका झाकणात एकदा आपली खूण, चूक असो की बरोबर, पण आपली, एवढंच हवं होतं.

तर अशात एका मंगळवारी मामंजी मुलाबरोबर डोळे तपासायला गेले होते आणि दुकानात मोठ्या बाई आल्या. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. निम्मी गल्ली त्यांच्यासमोर बाकावर उभी राहून मोठी झाली होती. ऐंशीच्या पुढे गेल्या तरी पाठ ताठ. त्यांनी पर्समधून रुमालात गुंडाळलेलं पुरुषी घड्याळ काढलं. नोकरी लागली तेव्हा वडिलांनी स्वतःच्या हातातलं काढून दिलेलं.

"चावी परत फिरकी मारायला लागलीय," बाई म्हणाल्या. "फिरते पण भरत नाही. दर काही वर्षांनी याचं असंच होतं. कुठे आहेत ते?"

"डोळे दाखवायला गेलेत. ठेवून जा ना, बाई."

"त्यांच्याच हातात दे हो. हे घड्याळ ते दुसऱ्या कुणाला उघडू देत नाहीत, आधीपासून. शनिवारी सकाळी येते."

बाई गेल्या. खरं म्हणजे तिनं घड्याळ डबीत घालून ठेवायला हवं होतं. पण थरथरता हात घेऊन मामंजी ते कसे उघडणार होते, हे बाईंना माहीत नसलं तरी तिला माहीत होतं. शेवटी यायचं ते आपल्याच टेबलावर, मग आत्ता बघितलं तर काय बिघडलं, असं म्हणून तिनं मागचं झाकण काढलं.

आत एकाखाली एक सहा खुणा. सहाही त्रिकोण. पहिली चव्वेचाळीस वर्षांपूर्वीची, शेवटची दहा वर्षांपूर्वीची, हात बिघडायच्या आधीची. दुसऱ्या कुणाची खूण नाही, एक ठिपका नाही. तरुण मामंजींचा पहिला त्रिकोण इतका रेखीव होता की तिला त्यांचं कौतुक वाटलं. काय हात होता या माणसाचा! त्याच कौतुकात तिनं स्क्रूड्रायव्हर उचलला, चावीच्या चाकाच्या स्क्रूवर टेकवला आणि फिरवला. डावीकडे. रोज दिवसभर हात जसा फिरतो तसा.

कट्. डोकं सुटून खाली पडलं.

तिच्या पाचावर धारण बसली. उलटा आटा! पहिल्या आठवड्यातला धडा! रेघा नसलेलं जुनं घड्याळ, आणि आपण आंधळ्यासारखा हात फिरवला. तिच्या डोळ्यांपुढे सगळं एकदम उभं राहिलं. त्रिकोणाखालचा ठिपका, मामंजींचा चेहरा, पन्नास वर्षं. आणि आपली खूण? आता कसली खूण! त्या क्षणी तिला रडूच फुटायचं, पण मांडीवरच्या फडक्यात पडलेलं डोकं तिनं सवयीनं चिमट्यात धरलं आणि भिंगाखाली नेलं.

ताजं मोडलेलं पोलाद साखरेच्या खड्यासारखं चमकतं. हे चमकत नव्हतं. मोडलेली जागा काळपट होती आणि तिच्यावर पिवळसर, मधाच्या रंगाचं काहीतरी वाळलेलं होतं. तिनं सुईनं टोकरलं. लाख! डोकं लाखेनं नुसतं वर चिकटवलेलं होतं. दांडा आत कधीचा मोडून बसलेला. सहा-आठ वर्षं लाख धरायची, मग सुटायची, चावी फिरकी मारायची, बाई घड्याळ आणायच्या, मामंजी स्वतः आत घेऊन जायचे आणि परत लाख लावायचे.

तिचा जीव भांड्यात पडला. आपण नाही मोडलं! पण तो आनंद मिनिटभरसुद्धा टिकला नाही. सहा त्रिकोणांकडे बघता बघता तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोका सांगे ब्रह्मज्ञान! पन्नास वर्षं एक ठिपका नाही म्हणे. नऊ वर्षं आपण हात आखडून काम केलं, कशासाठी, तर या खोट्या पाटीसाठी? तिनं सगळं डबीत भरलं आणि झाकण आपटून लावलं.

मामंजी परत आले. डोळ्यांत औषध घातल्यानं त्यांना अंधुक दिसत होतं. "काय आलं?"

"मोठ्या बाईंचं घड्याळ."

ते खुर्चीत बसता बसता थांबले. "दे इकडे. ते मी बघतो."

"मी उघडलंय, मामंजी."

मग मामंजी "हं" म्हणाले आणि बसले. त्यांनी काही विचारलं नाही, तिनं काही सांगितलं नाही. दोघांनाही ठाऊक होतं की दुसऱ्याला ठाऊक आहे. अशा वेळी एकाच दुकानात दिवस काढणं म्हणजे काय ते ज्यानं काढलाय त्यालाच कळेल. मामंजींनी त्या दिवशी गिऱ्हाइकांपुढे पन्नास वर्षांचं नाव काढलं नाही.

त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात तिनं कामाला सुरुवात केली. आत मोडलेला दांडा काढायचा एक जुना उपाय आहे, तुरटी. तुरटीचं कोमट पाणी पोलादाला खातं आणि पितळेला हात लावत नाही. तिनं दांडा अडकलेली ती पितळी पट्टी घड्याळातून वेगळी केली, काचेच्या वाटीत तुरटीच्या पाण्यात ठेवली आणि वाटी कोमट राहावी म्हणून शेगडीच्या बाजूला ठेवली. थोड्या वेळानं बघते तर नवरा वाटी उचलून तोंडाला लावतोय.

"अहो! थांबा!"

"घसा धरलाय गं. तुरटीचंच आहे ना? गुळण्या करतो."

"आत चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचा स्क्रू आहे."

नवऱ्यानं वाटी अशी खाली ठेवली की जणू तिच्यात विंचू होता. मग तिला सगळं सांगावंच लागलं. ऐकून तो आधी खोखो हसला. "म्हणजे बाबांनी? आमच्या बाबांनी? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि इथं तर खरीच लाख निघाली!" मग हसू आवरून तो तिच्याजवळ सरकला. "अगं वेडे, तुला खूण हवी होती ना? हीच वेळ आहे. ते झाकण नेऊन त्यांच्यापुढे ठेव आणि सांग, मामंजी, मला माझी खूण द्या, नाहीतर इथं ठिपका देते."

मोह झाला नाही असं नाही. चांगला दोन दिवस झाला. बुधवारी ती मनात भाषणं करत होती, गुरुवारी त्यातली वाक्यं पाठ झाली होती. पण मामंजींकडे बघितलं की पुढचं सुचायचं नाही. ते काउंटरवर बसून, भिंग डोळ्याला नाही, कपाळाला लावून, पडद्याकडे बघत असायचे. एखादा मुलगा पेपर तपासून यायची वाट बघतो ना, तसे. एवढा करारी माणूस आपल्याला घाबरतोय हे बघणं तिला आवडलं नाही. खूण मिळवायची ती अशी? मग ती खूण बघितली की दर वेळी हेच आठवणार. नकोच ते.

शुक्रवारी वाटीच्या तळाशी काळा गाळ उरला होता आणि पट्टीतलं भोक स्वच्छ होतं. मोडीतल्या घड्याळांच्या डब्यातून तिनं उलट्या आट्याचे स्क्रू काढून लावून बघितले. अकरावा बसला. त्याच्या डोक्यावर तीन रेघा होत्या. तिनं तो आवळला, या वेळी बरोबर बाजूला, आणि आवळून झाल्यावर बराच वेळ त्या तीन रेघांकडे बघत राहिली. घड्याळ साफ केलं, तेल दिलं, जोडलं, चावी दिली. चावी भरली. टिकटिक सुरू झाली. आता फक्त झाकण लावायचं राहिलं होतं.

शनिवारी सकाळी दुकान उघडल्यावर तिनं ते झाकण, सुई आणि घड्याळ पुढे नेऊन मामंजींसमोर काचेवर ठेवलं.

"मामंजी, खूण करायचीय."

मामंजींनी झाकणाला हात लावला नाही. "स्क्रू?"

"डब्यातला. बरोबर बसला."

"आणि आतला?"

"तुरटीत विरघळवला. पूर्ण."

"मलाही सुचली होती तुरटी," मामंजी म्हणाले. आवाज त्यांचा वाटतच नव्हता. "पण तिला दोन दिवस लागतात. अण्णा इथं बसायचे, याच खुर्चीत. वाटी बघितली असती तर विचारलं असतं, कशाला ही? ठिपका देऊन गप्प बसायचं, हेच त्यांनी शिकवलं होतं. पण ते म्हणायचे, तुझा पहिला ठिपका मी बघणार आहे. ते गमतीत म्हणायचे असतील. मला ती गंमत वाटली नाही. सकाळी बाई येणार होत्या. मी लाख लावली आणि दिलं."

"आणि अण्णा गेल्यावर?"

हा प्रश्न तिला विचारायचा नव्हता, तोंडातून गेला. मामंजींनी डोळे मिटले.

"अण्णा गेल्यावर पाच वेळा उघडलं. पाचही वेळा सुई हातात घेतली. पण तोपर्यंत मीच सगळ्यांना सांगत सुटलो होतो, माझा एक ठिपका नाही. एकदा बोलून बसलं की माणूस अडकतो, सूनबाई. मला लाज वाटते. तुझ्यापुढे बसायची लाज वाटते."

तिच्या पाठ केलेल्या वाक्यांतलं एकही तिला आठवलं नाही. "मामंजी, नऊ वर्षं मी रोज भीत काम केलंय," ती म्हणाली. "माझ्या हातून काही मोडलं तर तुमच्या त्रिकोणाखाली ठिपका पडेल म्हणून. मला वाटायचं, या घरात फक्त माझ्याच हातून चूक होऊ शकते."

मामंजींनी सुई उचलली. झाकण डाव्या हातानं धरलं, पहिल्या त्रिकोणाखाली सुई नेली, आणि सुई नाचायला लागली. इथं, तिथं, टेकेचना. कपाळावर घाम आला. तिला वाटलं त्यांचा हात धरावा. पण हे त्यांचं त्यांनाच करू द्यायला हवं होतं. ती फक्त हळूच म्हणाली, "श्वास सोडताना, मामंजी. घेताना नाही."

मामंजींनी तिच्याकडे बघितलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. मग त्यांनी श्वास सोडला आणि सुई टेकवली. ठिपका पडला. पडला पण हात घसरला आणि त्याला चांगली लांब शेपटी फुटली.

"ठिपका कसला, उंदीर झाला," मामंजी म्हणाले. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही. सुई तिच्यापुढे धरली. "आता खाली तुझी खूण कर. त्रिकोण नव्हे. तुझी."

इतकी वर्षं जी गोष्ट मनात होती ती अशी अचानक समोर आली. पान आठवलं, आकडा आठवला, सुईदोरा आठवला. मग तिनं श्वास सोडला आणि सहा त्रिकोणांखाली तीन छोट्या आडव्या रेघा ओढल्या. एकाखाली एक, सरळ.

मामंजींनी भिंग डोळ्याला लावलं. "हे तर... उलटा आटा!"

"ज्याचं त्यानं ओळखावं, असं तुम्हीच म्हणाला होता."

मामंजी मोठ्यांदा हसले. पण तिची सुई अजून खाली आली नव्हती. तिनं परत श्वास सोडला आणि तीन रेघांच्या खाली एक ठिपका दिला. गोल, नीट, शेपटी नसलेला.

मामंजींचं हसू थांबलं. "हा कशाला? मोडलं मी होतं."

"मी पण डावीकडेच फिरवला होता, मामंजी. मंगळवारी. तुमच्या त्रिकोणांचं कौतुक करत बसले आणि हात गेला तसा जाऊ दिला. स्क्रू धड असता तर तो मीच मोडला असता. तुमची लाख होती म्हणून वाचले."

"पण मोडला नाहीस ना! हे कुणालाही कळलं नसतं, सूनबाई. मलासुद्धा नाही."

"म्हणून तर द्यायचा," ती म्हणाली.

मामंजींनी आपला थरथरता हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि तो तिथंच थरथरत राहिला. मग दारात काठी वाजली.

मोठ्या बाई वेळेवर आल्या होत्या, म्हणजे मिनिटावर. त्यांनी घड्याळ कानाला लावलं, चावी दिली, भुवया उंचावल्या. "या वेळी चावी वेगळी लागतेय. घट्ट."

"या वेळी खरी दुरुस्त झालीय, बाई," मामंजी म्हणाले. "आधी सहा वेळा मी नुसती चिकटवून दिली होती. चव्वेचाळीस वर्षं."

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. "चव्वेचाळीस? आणि आज सांगताय? या वयात बाकावर उभं करू का तुम्हाला?"

"करा. पण घड्याळ सुनेनं केलंय, ते बघून घ्या आधी. नऊ वर्षं सगळी तीच करतेय." मामंजी खुर्चीतून उठून उभे राहिले आणि तिच्याकडे बोट दाखवत म्हणाले, "आत तिची खूण आहे. परत बंद पडलं तर माझ्याकडे यायचं नाही. शिव्या तिला द्यायच्या."

बाई घड्याळ मनगटावर बांधत म्हणाल्या, "देईन हो. भरपूर देईन."

घड्याळवहिनी काउंटरपाशी उभी राहून पदरानं डोळे पुसत होती आणि हसत होती. कुणी आपल्याला शिव्या देणार म्हणून एवढा आनंद झालेलं माणूस त्या गल्लीत दुसरं झालं नसेल.